बहुरूपी बंदूक

शस्त्राविषयी शाळामास्तराने लिहायचेच तर शिवकालातील तलवारीविषयी लिहावे, असा आमच्याकडे संकेत आहे. ती तलवार भिंतीवर असते, कुणाला लागत नाही, आणि वर्गात टाळ्याही पडतात. मी ज्या शस्त्राविषयी लिहितो आहे ते आजच्या बाजारातले आहे आणि त्याच्याशी माझे उघड भांडण आहे. अमेरिकेत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने ते नवेकोरे विकत घेतले आणि मी त्याच्याकडे गेलो असता मोठ्या कौतुकाने माझ्या हाती दिले. पॉइंट टू-टूची अर्धस्वयंचलित रायफल, पण घाट मात्र थेट लढाईतल्या बंदुकीचा. स्मिथ अँड वेसन या कंपनीने २००९ साली एम अँड पी १५-२२ या नावाने अशी रायफल काढली. इतरही कारखाने तसल्या काढतात.

पहिली छाप सांगतो. वजन जेमतेम अडीच किलो, देह बहुतांशी प्लास्टिकच्या जातीचा, मॅगझिनमध्ये पंचवीस गोळ्या. खांद्याला धक्का म्हणावा असा बसतच नाही. चाप ओढला की गोळी, पुन्हा ओढला की पुन्हा गोळी. मधे हाताला काही काम नाही. चहाचा कप निवण्याच्या आत पंचवीस गोळ्या संपल्या, आणि त्यांतली एकही माझी वाटली नाही. भाचा म्हणाला, “मामा, मजा आली ना?” मजा आली. तिथेच माझे भांडण सुरू होते.

या रायफलीचे रूप पाहावे. काळा रंग, अंगभर दिवे-दुर्बिणी अडकवण्यासाठी खाचा, मागेपुढे सरकणारा दस्ता, आणि नळीच्या तोंडाशी गोळीबाराचा जाळ झाकणारी टोपी. आता या काडतुसात दारू ती केवढी! तिचा जाळ होतो तो देवळातल्या निरांजनाने हसावे एवढा, आणि त्याला झाकायला लष्करी टोपी! पोटात पाहावे तर आणखी गंमत. ज्या एआर-१५ चे हे सोंग, तिच्यात बोल्ट कुलपासारखा अडकतो आणि गोळीमागचा वायू ते कुलूप सोडवतो. हिच्यात कुलूपच नाही. काडतूस इतके सौम्य की बोल्ट स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर उभा राहतो, आणि उडालेली पुंगळीच त्याला मागे ढकलते.

आमच्या खेड्यांत सुगीच्या दिवसांत बहुरूपी येतो. अंगात फौजदाराचा डगला, हातात खोटे वॉरंट. तो दरडावतो, आपण घाबरल्यासारखे करतो, मग तो हसून पायलीभर दाणे मागतो. या सोंगात कुणाचे वाईट होत नाही, कारण त्याच्या वॉरंटावर कुणी तुरुंगात जात नाही. ही रायफल म्हणजे असा बहुरूपी, की ज्याच्या सोंगातली गोळी मात्र खरी आहे.

“अहो, पॉइंट टू-टू तर आहे!” हा पहिला आक्षेप. सुमारे अडीच ग्रॅमची ही गोळी पाखरे आणि डबे यांच्यापलीकडे काय करणार? १९६८ साली रॉबर्ट केनेडींचा प्राण घेतला तो पॉइंट टू-टूच्या रिव्हॉल्व्हरने. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांना मरणाच्या दारी नेले तेही त्याच मापाच्या गोळीने. या काडतुसांच्या खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना असते. दीड मैल म्हणजे इकडच्या वेशीवरून हौसेने झाडलेली गोळी पलीकडच्या मळ्यात केळीला पाणी देणाऱ्या माणसापर्यंत. त्याने कोणते सोंग पाहिले होते?

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. गोळ्या स्वस्त, आवाज कमी, धक्का नाही. तेव्हा सरावाला याहून चांगले काय? सरावाचेच म्हणाल तर पॉइंट टू-टूसारखे गुरुकुल नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच तिचा हा वेश मला खुपतो. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, आणि धुळे-जळगावच्या कितीतरी मुला-मुलींनी आयुष्यातली पहिली गोळी तिच्या साध्या लाकडी दस्त्याच्या रायफलीतून झाडली. पालथे पडायचे, श्वास आवरायचा, एक गोळी. मग बोल्ट मागे ओढायचा, पुढे लोटायचा, पुन्हा नेम. शेवटी रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्यायच्या. पाच दिल्या होत्या ना? मग पाच दाखवा. गणिताच्या तासाला न शिकलेला हिशेब पोरगा तिथे शिकतो: जे माझ्या हातून सुटले त्याचा जाब मला द्यायचा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले ते याच मापाच्या रायफलीवर. पन्नास मीटरवरचे त्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. आणि रायफल अशी की दर वेळी हाताने एकच काडतूस भरायचे. कुणी म्हणेल, पिस्तुलाच्या स्पर्धेत तर अर्धस्वयंचलित शस्त्र चालते. चालते. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. पण त्या स्पर्धेच्या जलद फेरीतही तीन सेकंदांत एकच गोळी, आणि दर गोळीनंतर हात खाली. यंत्र वेगवान असले तरी नियम माणसाला थांबवतो. माझे भांडण यंत्राशी नाही; थांबणे काढून टाकून त्या जागी थाट बसवणाऱ्या हौसेशी आहे.

तिसरा आक्षेप आमच्या रक्तात आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आम्हांला निःशस्त्र केले, तेव्हा बंदूक ही आमची मर्दुमकी, असे तो म्हणतो. खानदेशाने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १८२५ साली आउट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्लांच्या हाती बंदुका दिल्या, त्या भिल्लांनाच वठणीवर आणण्यासाठी. पुढे सेंधव्याच्या घाटावर पहारा केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली, आणि पकडलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. नवल असे की त्याच १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी अमेरिकेत आपले पहिले रिमफायर रिव्हॉल्व्हर विक्रीला काढले. आंबापाणीच्या माणसांना शस्त्र हवे होते ते कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. आरशासमोर उभे राहण्यासाठी ते कुणी मागितले नव्हते.

आणि आज? भुसावळजवळच्या वरणगावला लष्कराची काडतुसे बनवणारा सरकारी कारखाना आहे. भोवतालच्या घरांतली माणसे तिथे पाळीला जातात आणि डबा घेऊन परततात. त्यांच्या घरी शस्त्राचा बडेजाव नसतो. उलट सातपुड्यातून, उमर्टीच्या बाजूने, उतरणारा गावठी कट्टा कमरेला लावून फोटो काढणारी पोरे आम्ही वर्तमानपत्रांत पाहतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याची हौस एवढी वाढली की २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून तिला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगावी लागली. परवान्यांच्या २०१६ च्या नियमांनी अर्धस्वयंचलित रायफलीला साध्या रायफलीहून कडक वर्गात ठेवले आहे, म्हणून ही बहुरूपी बंदूक अजून आमच्या दुकानांत नाही. पण पोरांच्या मोबाइलवर ती केव्हाच पोहोचली आहे, आणि कट्टा विकणाऱ्याला गिऱ्हाईक तिथूनच मिळते.

तेव्हा हा वर्ग सैल करा म्हणणाऱ्यांना माझा साफ विरोध आहे. धुळ्या-जळगावच्या मुलांना नेमबाजी जरूर शिकवा. छात्रसेनेला अधिक गोळ्या द्या, तालुक्याला एअर रायफलीचे एकेक नेमबाजी केंद्र काढा, मुलींना आधी घ्या. पण हातात द्याल ती रायफल साधी द्या, एका वेळी एक गोळी द्या, आणि संध्याकाळी पुंगळ्या मोजून घ्या. ज्याला पुंगळी परत करायची लाज वाटते, त्याच्या हाती गोळी देऊ नये.