उभ्या तंतूंची फळी

शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें, मग तो मुलगा असो वा मुलगी, घरांत नित्य उपयोगीं पडेल अशी एक तरी वस्तु स्वतःच्या हातानें घडविलेली असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. अशा वस्तूंमध्यें भाजी चिरण्याच्या फळीस आम्ही अग्रस्थान देतों. आणि तीहि साधी आडव्या तंतूंची नव्हे, तर उभ्या तंतूंची. तसें कां, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत फळीचें कारण पडत नसे. विळीचें पातें स्थिर असे आणि भाजी हातानें त्यावर फिरे. पुढें ओटा आला, उभ्यानें स्वयंपाक होऊं लागला, सुरी आली आणि सुरीखालीं फळी आली. खाटकाच्या दुकानांत मात्र चिंचेचा ओंडका पूर्वीपासून आहे, आणि तो उभाच असतो. यांत मोठें शहाणपण आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी होय. ती आडवी ठेवून सुरी मारली, तर नळ्या तुटतात व फळीवर चरे पडतात. तीच उभी ठेवली, तर धार नळ्यांच्या मधून शिरते आणि सुरी उचलतांच तंतु बव्हंशीं पुनः मिटतात. त्यामुळें लाकूड टिकतें व सुरीची धारहि टिकते.

ही रचना घरीं साधण्याची युक्ति अशी. चांगल्या वाळलेल्या, घट्ट लाकडाच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या रंध्यानें साफ कराव्या, गुण्यानें काटकोन तपासावे, आणि पाण्यास दाद न देणाऱ्या सरसानें त्या कडेस कड चिकटवून शिकंज्यांत आवळून ठेवाव्या. सरस वाळल्यावर त्या फळीच्या, तंतूंस आडव्या, सुमारें ४ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या. प्रत्येक पट्टी कुशीवर वळविली म्हणजे कापलेलीं टोकें वर येतात. मग त्या पट्ट्या पुनः एकमेकींस चिकटवाव्या. पहिल्या वेळीं एखादा काटकोन केसभर जरी चुकला असला, तरी दुसऱ्या वेळीं ती चूक प्रत्येक सांध्यांत फट होऊन डोळ्यांपुढें उभी राहते. परीक्षेंत अंदाजानें लिहिलेल्या उत्तरास कधीं कधीं गुण मिळतात. सांध्यास अंदाज चालत नाहीं.

यानंतर धीराची परीक्षा. रंध्याचें पातें बोथट असेल, तर उभे तंतु कापले न जातां चिरडले जातात. रंधा थेट कडेबाहेर नेला, तर पलीकडची कड फुटते. म्हणून कडेकडून मध्याकडे यावें लागतें. विजेच्या रंधायंत्रांत अशी फळी घालूं नये. ती फुटून उडण्याचा धोका असतो. शेवटीं तिला औषधांच्या दुकानांत मिळणारें लिक्विड पॅराफिन पाजावें. शेंगदाण्याचें तेल लावल्यास तें कालांतरानें खंवट होतें.

लाकडाचा स्वभावहि येथें शिकावयास मिळतो. पावसाळ्यांत कोंकणांतील दार चौकटींत अडतें, कारण लाकूड हवेंतील ओल घेऊन फुगतें. तंतूंच्या लांबीच्या दिशेनें हा फरक नगण्य असतो, रुंदीच्या दिशेनें पुष्कळ. म्हणून उभ्या तंतूंची फळी लांबी व रुंदी या दोन्ही अंगांनीं वाढते. शोभेसाठीं तिच्याभोंवतीं पक्की चौकट ठोकली, तर ऋतु पालटतां पालटतां चौकट उसवते किंवा फळी तडकते. पदार्थविज्ञानाचा हा धडा पुस्तकांत वाचून विसरला जाईल. हातांतली फळी तडकली कीं तो विसरला जात नाहीं.

‘बाजारांत प्लॅस्टिकची फळी स्वस्त मिळत असतां हा खटाटोप कशाला?’ असें कोणी विचारील. अमेरिकेंत डीन क्लायव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडावर टाकलेले जंतु आंत शोषले जाऊन पुनः हातीं लागणें कठीण झालें. उलट चरे पडलेलें प्लॅस्टिक हातानें धुऊन निर्जंतुक करणें अवघड ठरलें. तथापि लाकूड आपोआप निर्धोक असतें असें कोणीं समजूं नये. मांसाची व भाजीची फळी वेगळी असावी. वापरल्यावर ती साबणानें धुवावी, पाण्यांत बुडवून ठेवूं नये आणि उभी करून वाळवावी.

‘आमच्या मुलास कांहीं सुतार व्हावयाचें नाहीं,’ हा दुसरा आक्षेप; आणि आम्हांस खरी चिंता वाटते ती याचीच. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तिचे सर्व तपशील ज्यांस मान्य नसतील, त्यांनींहि एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्याच वर्गांत सुताराचा मुलगाहि बसलेला असतो. आपल्या वडिलांचा धंदा म्हणजे न शिकलेल्यांची शिक्षा होय, असें त्यानें कां ऐकावें? आणि शेजारच्या बांकावरील मुलानें तरी तसें कां समजावें? ज्यानें एक काटकोन स्वतः साधून पाहिला, त्याच्या तोंडून कारागिराविषयीं हलका शब्द सहसा निघणार नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत आळींतील मिस्त्रींस योग्य मोबदला देऊन सन्मानानें घरीं बोलवावें, आणि आपल्या मुलामुलींस चार रविवार त्यांच्या हाताखालीं बसवावें. विद्यार्थ्यांनीं मिस्त्रींस गुरुजींइतकाच मान द्यावा. फळी थोडी वांकडी झाली, तरी ती कपाटांत शोभेला ठेवूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्यावर कांदा चिरावा.