‘फिट’ येणारा माणूस अनफिट नसतो!

नवीन जालन्यात दुकान असो की एमआयडीसीत वर्कशॉप, कामगाराला फिट आली की लोक कांदा-चप्पल शोधतात. माझं स्पष्ट मत: मालकाला चार इंग्रजी शब्द यायलाच हवेत. एपिलेप्सी म्हणजे मिरगीचा आजार, सीझर म्हणजे एक झटका. ईईजी मेंदूतले विद्युत संकेत टिपतो, एमआरआय मेंदूचं चित्र देतो. डॉक्टर ‘ड्युरेशन’ विचारतील, म्हणून आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. झटका ५ मिनिटांवर गेला तर १०८ लावा.

आणि कामावरून काढू नका. भट्टी, उंची, फिरत्या मशीनपासून लांबचं काम द्या. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची आडकाठी निघाली. लग्नाला चालतं, मग नोकरीला का नाही?