‘छान लिहिलंय’ पुरे झालं!

मैत्रिणींनो, थोडं कडू बोलणार आहे.

आमच्या गटातल्या एका परित्यक्ता बाईनं चार वर्षं खपून स्वतःची कहाणी लिहिली. दोनशे पानी तीन वह्या. शिबिरात तिनं दोन उतारे वाचले, आम्ही रडलो, टाळ्या वाजवल्या, ‘आता पुस्तक काढाच’ म्हणालो. पुढे काय? वह्या गेल्या एका निवृत्त सरांकडे. सरांनी त्या फुकट ‘सुधारून’ दिल्या. ‘पोटात कावळं कोकलायची’ याचं ‘क्षुधेने जीव व्याकूळ होई’ झालं. सासऱ्याचं प्रकरण अभिरुचीला धरून नाही म्हणून लाल शाईनं उडालं. ती मला म्हणाली, “ताई, यात मी कुठाय?” आणि वह्या ट्रंकेत गेल्या.

सरांना हा हक्क कुणी दिला, हे विचारायलाच हवं. पण आपलं काय? पहिल्या पन्नास पानांत पाल्हाळ आहे, नातेवाइकांच्या गर्दीत कोण कुणाची हे कळत नाही, हे मला दिसलं होतं. ती दुखावेल म्हणून गप्प बसले. तिचं दुःख ऐकलं, तिला लेखिका मात्र मानलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या शिक्षणात केस-रेकॉर्ड वाचायला शिकले, हस्तलिखित वाचायला नव्हे.

म्हणून म्हणते, प्रकाशकाकडे जाण्याआधी जाणकार संपादकाकडून लेखी अभिप्राय घ्या. पैसे देऊन! मांडवाला, माइकला, शाल-नारळाला आपण पैसे देतोच की. मानधन दिलं की उलट प्रश्न विचारता येतो. उपकार करणाऱ्याला कोण विचारणार? कुठे कंटाळा आला, कुठे समजलं नाही, काय सांगता सांगता राहिलं, एवढं त्यानं सांगावं. भाषेला हात लावायचा नाही. आणि मूळ वही कुणालाही द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. (अभिप्राय देणाराच पुढे पुस्तक छापून देण्याचेही पैसे मागू लागला, तर सरळ उठून यावं.)

एखाद्या वकील मैत्रिणीनंही वाचावं. या बाईचा पोटगीचा दावा चालू आहे. नवऱ्याचं नाव-गाव जसंच्या तसं छापलं तर त्याचा वकील गप्प बसेल? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाच आहे.

बेबीताई कांबळेंनी आपलं लिखाण कित्येक वर्षं घरात लपवून ठेवलं होतं. मॅक्सीन बर्नसन यांच्यासारखी वाचणारी भेटली, ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. ती भेट झालीच नसती तर? सगळ्याच ट्रंकांना असा योग येत नाही.

मागच्या महिन्यात त्या बाईला ट्रंक उघडायला लावली. लाल शाईखालचं तिचं अक्षर अजून वाचता येतं. गटाच्या निधीतून संपादकाचं मानधन काढावं, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध करायचा असेल तिनं आधी त्या तीन वह्या वाचून यावं.