मेरिटवाल्यांनो, ऑपरेशनचा निकाल दाखवा

आरक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास आमच्या तोंडावर फेकला जातो: "कोट्यातल्या डॉक्टरकडून स्वतःचे ऑपरेशन करून घ्याल का?" आजवर आम्ही या प्रश्नावर चिडत आलो. आता चिडायचे नाही. उलट विचारायचे, "चांगले ऑपरेशन कशाला म्हणतात, हे तुम्ही कधी मोजले आहे का?"

मूत्राशयाच्या कॅन्सरचेच उदाहरण घेऊ. लघवीतून रक्त जाते, पण बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. बाईला तर इन्फेक्शनच्या गोळ्या देऊन परत पाठवले जाते. विडी-सिगारेट हे मोठे कारण आहेच. पण १८९५ सालीच जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातील कामगारांना हा आजार होतो हे दाखवून दिले होते. म्हणजे हा कष्टकऱ्यांचाही आजार आहे.

यात ऑपरेशनची गुणवत्ता मोजता येते. आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायूच आला नसेल, तर रोग किती खोल गेला हे नीट कळत नाही. रोग स्नायूत शिरला असेल तर अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. मग प्रश्न असे: कापलेल्या कडेला कॅन्सर शिल्लक राहिला का? लसिकाग्रंथी पुरेशा काढल्या का? आधी केमोथेरपी देणे शक्य होते, तर दिली का? रुग्णाला पुन्हा भरती व्हावे लागले का? ९० दिवसांनंतर तो जिवंत आहे का? ३० दिवसांचा आकडा पुरेसा नाही, कारण या ऑपरेशननंतरचे कितीतरी मृत्यू त्यानंतर होतात.

यातला एकही प्रश्न सर्जनची जात विचारत नाही. प्रवेश परीक्षेतले मार्कही विचारत नाही.

शंभर वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने हीच मागणी केली होती. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते तपासा, आणि बढती ज्येष्ठतेवर नको, निकालावर द्या. प्रस्थापितांना ते रुचले नाही. १९१४ मध्ये कॉडमन राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलमधील ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात आपल्या १२३ चुकाही कबूल केल्या. मेरिटचा जप करणाऱ्यांपैकी किती जणांची अशी तयारी आहे?

इंग्लंडमध्ये २००२ साली शिफारस झाली की प्रोस्टेट आणि मूत्राशयाची मोठी ऑपरेशने करणाऱ्या पथकाने वर्षाला मिळून किमान ५० तरी करावीत. कारण हात सरावाने बसतो, आणि नर्स, भूलतज्ज्ञ, आयसीयू सगळे मिळून रुग्ण वाचवतात. कौशल्य जन्माने मिळत नाही, संधीने मिळते. आमची आरक्षणाची मागणी तरी दुसरे काय सांगते?

पण मित्रहो, मोजमापही आमच्या विरोधात वापरले जाऊ शकते. न्यूयॉर्क राज्यात हृदयाच्या बायपास ऑपरेशनचे मृत्युदर जाहीर होऊ लागले, तेव्हा गंभीर रुग्णांना टाळले जाते अशी तक्रार डॉक्टरांकडूनच आली. आमचा माणूस उशिरा येतो, रक्त कमी असते, इतर आजार असतात. आकडा बिघडेल म्हणून सर्वांत आधी त्यालाच 'वरच्या हॉस्पिटलला जा' म्हटले जाईल. ज्याचे ऑपरेशनच झाले नाही, तो कुठल्याही निकालात मोजला जात नाही.

म्हणून वय, रोगाची पायरी आणि इतर आजार धरूनच तुलना व्हायला हवी. मात्र जात आणि गरिबी त्या हिशेबात विरघळवून टाकू नये. 'गरीब रुग्ण, जास्त मृत्यू, चालायचेच' असे गृहीत धरून दुरुस्त केलेला आकडा स्वच्छ दिसतो, पण अन्याय त्याच्याखाली गाडला जातो. हे आकडे वेगळे काढून समोर मांडले पाहिजेत.

आणि घरी गेल्यावर काय? मूत्राशय काढल्यावर बऱ्याच जणांच्या पोटावर लघवीची पिशवी कायमची येते. ती नियमित बदलावी लागते, दर वेळी विकत घ्यावी लागते. एका खोलीचे घर, सार्वजनिक संडास, नळाला तासभर पाणी. वर पिशवी गळाली तर नाक मुरडणारे शेजारी. विटाळ म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तो माणूस पुन्हा कामावर गेला का, चारचौघांत बसतो का, हेही ऑपरेशनच्या निकालातच धरले पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ज्या हॉस्पिटलला पैसा मिळतो, त्याने अशा ऑपरेशनांची संख्या, ९० दिवसांचा निकाल आणि परत पाठवलेल्या रुग्णांची नोंद जाहीर करावी. जात, लिंग आणि उत्पन्नानुसार हे आकडे वेगळे द्यावेत, मात्र रुग्णाचे नाव गुप्त ठेवावे. पिशवीचा खर्च योजनेने कायम उचलावा.

१९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी केवळ गाऱ्हाणे मांडले नाही. लोकसंख्या आणि जागांचा हिशेब मांडला. तोच वारसा आपला आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'कोट्यातला डॉक्टर' म्हणाला, की त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि म्हणा, भरा यात निकाल.

जय भीम!