भटक्या श्वानांचे निर्बीजीकरण (भारत)
निर्बीजीकरण ही भारतात भटक्या श्वानांची संख्या आटोक्यात ठेवण्याची कायदेशीर पद्धत आहे. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' नुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. शस्त्रक्रिया व रेबीज प्रतिबंधक लसीकरणानंतर श्वानाला मूळ जागी सोडले जाते.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील श्वान निवाऱ्यांत हलवून परत न सोडण्याचा आदेश दिला. तेवढे निवारे आहेत कुठे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. २२ ऑगस्टला तो बदलून रेबीजग्रस्त व आक्रमक श्वान वगळता इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगण्यात आले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आदी ठिकाणांहून पकडलेल्या श्वानांना मात्र पुन्हा तेथे सोडण्यास मनाई झाली.

या वादात मूळ गणित मागे पडते. मादीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि एका वेतात अनेक पिले होतात. एखाद्या वस्तीतील बहुतेक माद्यांवर थोडक्या काळात शस्त्रक्रिया झाल्या नाहीत, तर उरलेल्या माद्या घट भरून काढतात. त्यामुळे शहरभर विखुरलेल्या शस्त्रक्रियांचा वार्षिक आकडा, कितीही मोठा असला, तरी फसवा ठरू शकतो. पाळीव प्राण्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी नियमांनी मालकावर टाकली आहे. नकोशी पिले रस्त्यावर सोडली जातात तेव्हा तिचा भार पुन्हा पालिकेवरच येतो.