पेटी माझी, किल्ली त्यांची

२ नोव्हेंबर २०११च्या पहाटे मॅसॅच्युसेट्स राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर टिम मरी एकटेच सरकारी गाडी चालवत होते. गाडी रस्ता सोडून उलटली, तिचा चुराडा झाला, पण मरी बचावले. आपण सीटबेल्ट लावला होता आणि वेगमर्यादेतच होतो, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं. दोन महिन्यांनी गाडीतल्या पेटीची साक्ष जाहीर झाली. वेग ताशी १०८ मैल, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटर, आणि सीटबेल्ट लावलेला नव्हता.

गाडीतल्या नोंदींबद्दल मी तक्रार करू लागलो की इथे अमेरिकेत कोणी ना कोणी हा किस्सा माझ्या तोंडावर फेकतो. "पेटी होती म्हणून खरं कळलं ना? ज्याला लपवायचं नाही, त्याला भीती कसली?" मरींचं खोटं उघडं पडलं ते बरंच झालं. गाडी जनतेची, पद जनतेचं, मग हिशेबही जनतेलाच द्यायचा. माझं भांडण पेटीशी नाही. 'ही पेटी तुझी आहे' असं मला सांगून तिची किल्ली मात्र भलत्याच हातात ठेवणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

आधी ही पेटी काय करते ते पाहू. 'इव्हेंट डेटा रेकॉर्डर' असं तिचं नाव. विमानातल्या ब्लॅक बॉक्सशी तिची तुलना होते, पण ती बोलणं टिपत नाही, आणि तुम्ही कुठे होतात हे नोंदवण्याची सक्तीही नियमात नाही. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या छोट्या संगणकाचाच ती सहसा भाग असते. वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट यांच्यावर ती नजर ठेवते, जुनं पुसत नवं लिहीत राहते, आणि धडक झाली की शेवटचे क्षण गोठवून ठेवते. अमेरिकेच्या २००६च्या नियमानुसार हे क्षण म्हणजे ५ सेकंद, सेकंदाला २ नोंदी. डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलला आणि ठरलं २० सेकंद, सेकंदाला १० नोंदी. वेगाचे जिथे दहा-अकरा आकडे असायचे तिथे आता दोनशे. चालकाने धडकेआधी काय केलं हे पाच सेकंदांत पुरतं कळत नाही, हे त्यामागचं कारण. मला ते पटतं. एअरबॅग का फुटली नाही, ब्रेक का लागला नाही, हे अशा नोंदींमधूनच कळतं, आणि पुढच्या माणसाचा जीव वाचतो.

आता कायदा. डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकी काँग्रेसने 'ड्रायव्हर प्रायव्हसी ॲक्ट' संमत केला. पेटीतल्या नोंदी गाडीच्या मालकाच्या, किंवा गाडी लीजवर असेल तर लीज घेणाऱ्याच्या, असं तो सांगतो. न्यायालयाचा आदेश, मालकाची संमती, सरकारी सुरक्षा तपास, अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार आणि ओळख काढून टाकलेलं संशोधन हे अपवाद सोडले, तर इतरांनी त्यांना हात लावायचा नाही.

कायद्याचं नाव पुन्हा वाचा. नावात ड्रायव्हर आहे, मजकुरात मालक. ब्रेकवर पाय कोणाचा होता याची नोंद होते, पण ती द्यायची की नाही हे पाय ज्याचा तो ठरवत नाही. कंपनीची गाडी चालवणारा कामगार, दुसऱ्याच्या टॅक्सीवर राबणारा चालक, वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन कॉलेजला जाणारी मुलगी, या सगळ्यांची खासगी बाब दुसऱ्याच्या सहीने खुली होते.

आणि मालकी तरी किती दिवस टिकते? मोठ्या अपघातात गाडी 'टोटल' झाली की विमा कंपनी पैसे देते आणि भंगार आपल्या नावावर करून घेते. म्हणजे पेटीतल्या नोंदींना किंमत येते नेमकी त्याच वेळी मालक बदलतो, आणि नवा मालक असतो दाव्यात ज्याचे हितसंबंध गुंतलेत तोच! आर्कान्सासारख्या राज्याने ही पळवाट कायद्याने बुजवली. म्हणजे ती बुजवता येते. सगळीकडे ती बुजवलेली नाही, इतकंच.

समजा, मालकी शाबूत आहे. मग मी माझ्या नोंदी वाचू शकतो का? माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पेटीबद्दल एक परिच्छेद आहे, कारण तो छापणं नियमाने बंधनकारक आहे. तो वाचून मी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. उत्तर मिळालं की ते यंत्र आमच्याकडे नसतं, वकिलाशी बोला. नोंदी वाचण्याचं यंत्र बाजारात उपलब्ध हवं, असं नियम म्हणतो, आणि ते उपलब्ध आहेही. फक्त त्याची किंमत काही हजार डॉलर असते. पोलिसांना परवडतं, विमा कंपनीला परवडतं, अपघातांची चिरफाड करणाऱ्या तज्ज्ञांना परवडतं. मालकाने काय करायचं? जी वस्तू मला वाचता येत नाही, पुसता येत नाही, बंद करता येत नाही, तिचा मी मालक आहे म्हणणं म्हणजे सातबारा माझ्या नावावर आणि कुंपणाच्या आत पाऊल टाकायची मात्र बंदी.

न्यायालयांचंही एकमत नाही. २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अपील न्यायालयाने म्हटलं की रस्त्यावरचा वेग सगळ्यांना दिसतोच, त्यात खासगी ते काय? फ्लोरिडातल्या अपील न्यायालयाने २०१७मध्ये उलट कौल दिला आणि वॉरंट लागेल असं सांगितलं. २०१९मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात अपघातात दोघांचा जीव गेला होता. पोलिसांनी जागेवरच, वॉरंटशिवाय, गाडीतून नोंदी उतरवल्या होत्या. न्यायालयाने तो पुरावा बाद केला आणि दोषी ठरवणारा निकाल फिरवला. ज्यांची माणसं गेली त्यांना हे किती लागलं असेल, याची मला कल्पना आहे. तरीही निकाल बरोबर आहे असं मी म्हणेन. या प्रकरणात वॉरंट दुसऱ्या दिवशी मागितलं आणि मिळालंही. नोंदी गोठलेल्या होत्या, कुठे पळून जाणार नव्हत्या. एका दिवसाची सबुरी दाखवली असती तर पुरावा टिकला असता.

पण ही सगळी भांडणं पुढच्या दाराची. त्या दाराला निदान कडी तरी आहे. मागचं दार सताड उघडं आहे. नव्या गाड्यांमध्ये स्वतःचं मोबाइल कनेक्शन असतं, आणि तिथून जे बाहेर जातं ते पेटीच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून पेटीचा कायदा त्याला लागू नाही. मार्च २०२४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जनरल मोटर्सच्या गाड्यांचं प्रकरण उघडकीला आणलं. शेवरोले बोल्टच्या एका चालकाने लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडून स्वतःबद्दलचा अहवाल मागवला, तर २५८ पानं हातात पडली. त्यात सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या होत्या. केव्हा निघाले, केव्हा पोचले, किती अंतर, कुठल्या फेरीत ब्रेक जोरात दाबला. त्याचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. पुढे जानेवारी २०२५मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली. काही गाड्यांचं ठिकाण दर तीन सेकंदांनी टिपलं जात होतं, असा आरोप होता. उपाय काय? पाच वर्षं अशी माहिती ग्राहकांचे अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना द्यायची नाही. फक्त पाच वर्षं!

धडकेच्या आधीच्या पाच सेकंदांसाठी संसदेचा कायदा, आणि वर्षभराच्या प्रत्येक फेरीसाठी मोबाइल ॲपवरचं 'मान्य आहे'चं बटण. या विसंगतीचा मला राग येतो.

आता त्या 'लपवायचं नाही'वाल्यांना उत्तर. जोरात ब्रेक का दाबला हे नोंदीत येत नाही. समोर लहान मूल धावत आलं म्हणून दाबला, तरी हिशेबात तो 'वाईट' ब्रेकच. रात्री दोनला गाडी काढली ती दारू प्यायला की रुग्णालयात रात्रपाळी करायला, हे आकड्याला कळत नाही. न्यायालयात मी निदान बोलू शकतो, उलटतपासणी होऊ शकते. हप्ता वाढवणारं गणित माझं ऐकून घेत नाही, आणि ते झालं हेही मला सांगत नाही. लपवायला माझ्याकडे काही नाही, पण माझी बाजू मांडायचा हक्क मला हवा आहे.

"तंत्रज्ञानच असं आहे, करणार काय?" हा दुसरा बचाव. युरोपीय संघाने जुलै २०२४पासून नव्या मोटारींत ही पेटी सक्तीची केली, पण त्याच नियमात नोंदी निनावी ठेवण्याची अट घातली. गाडीच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पेटीत साठवायचेच नाहीत. पेटी तीच, काम तेच. फरक फक्त ती बनवताना कोणाचा विचार केला याचा.

हे अमेरिकेचं दुखणं म्हणून मराठी वाचकाने सोडून देऊ नये. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० आणि धडकेच्या क्षणी ८९ होता, हे पोलिसांना गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून कळलं. म्हणजे तिथेही पेटी होती, आणि वाचणारा होता उत्पादक. त्या नोंदी कोणाच्या, हे नेमकं सांगणारा अमेरिकेसारखा वेगळा कायदा भारतात नाही. सिम कार्ड घेऊन फिरणाऱ्या गाड्या मात्र पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आल्या आहेत.

माझी मागणी मोठी नाही. पेटी राहू दे, वीस सेकंदांची असू दे. पण ती वाचायचं साधन सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बदलण्याच्या खर्चात मिळू दे. चालकालाही त्यात वाटा असू दे. गाडीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नोंदीला तोच कायदा लागू होऊ दे, आणि नकार दिला म्हणून गाडीची सोय काढून घेतली जाऊ नये. हे होईपर्यंत 'नोंदी तुमच्याच आहेत' हे वाक्य मॅन्युअलमध्ये छापू नका. किल्ली द्या, मग मालक म्हणा.