पापडातले मीठ आणि जिभेची साक्ष

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ म्हटले की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पापड भाजायला सांगतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरायचा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून आमच्या गावातील महिला बचत गटाने कमी मिठाचे उडदाचे पापड केले तेव्हा मला आनंद झाला. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘कमी मिठाचे’ लिहिले होते. दवाखान्यात ज्याने त्याने तुकडा मोडला आणि ‘अळणी आहेत हो!’ म्हणाला. बायका हिरमुसल्या.

माझ्या मते ही चवीची परीक्षाच नव्हे. पाकीट वाचले की जीभ आधीच निकाल देते. उलट, करणारी बाई समोर असली की भिडेखातर ‘छान’ निघते.

चहात दूध आधी घातले की नंतर, हे आपण चवीवरून ओळखतो, असे म्हणणाऱ्या एका बाईंची परीक्षा इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी घेतली होती. १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती पद्धत मांडली: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक.

पापडालाही हेच लावावे. प्रत्येकाला तीन तुकडे द्या, दोन एकसारखे, एक वेगळा. नाव नको, फक्त आकडा. मध्ये पाण्याची चूळ. वेगळा कोणता, एवढेच विचारा. २४ जणांत आठ जण नुसत्या अंदाजानेही बरोबर येतील. १३ किंवा जास्त आले, तरच फरक जाणवतो म्हणावे.

आणखी एक. पापडखारातही सोडियम असतेच! गटाने मीठ आणि खार दोन्ही एकदम कमी केले होते. मग बिघडले कशाने, हे कसे कळणार? चार पिठे भिजवा: दोन्ही नेहमीचे, फक्त मीठ कमी, फक्त खार कमी, दोन्ही कमी. काम वाढते खरे, पण मग नेमके बोट ठेवता येते.

परवा बायकांनी पाकीट लपवून माझ्यापुढेच तीन तुकडे ठेवले. मी ऐटीत मधला उचलला. चुकलो.